चित्रकार आंजेलो द फोन्सेका

महोत्सवाच्या स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र असावें असा आमच्या धर्मग्रामांतील मंडळींचा आग्रह होता, व तो योग्यच आहे. परंतु ह्या खेपेस आम्हीं संताऐवजीं एक चित्रकार निवडला आहे. पवित्र सभेनें त्यांस वेदीचा मान दिलेला नाहीं, व तो मागण्याचा आमचाहि हेतु नाहीं. आमच्या ख्रिस्तमंदिराच्या डाव्या भिंतीवर, लूर्द मातेच्या पुतळ्याशेजारीं, लुगडें नेसलेल्या पवित्र मरियेचें जें एक छापील चित्र लावलेलें आहे, त्याचें मूळ ज्यांच्या हातचें, ते हे आंजेलो द फोन्सेका. तें चित्र तेथें लावल्यापासून त्याविषयीं आमच्याकडे जितक्या तक्रारी आल्या, तितक्या मंदिराच्या गळक्या छपराविषयींहि आल्या नाहींत. तेव्हां हे गृहस्थ कोण होते, व त्यांनीं देवमातेस असा वेष कां दिला, हें एकदां नीट सांगून टाकावें असें आम्हांस वाटलें.

गोमंतकांत तिसवाडी तालुक्यांत सांतो इस्तेव्हांव नांवाचें एक बेट आहे. कोंकणी लोक त्यास जुवें म्हणतात. तेथील एका सधन कॅथोलिक घराण्यांत १९०२ सालीं आंजेलो ह्यांचा जन्म झाला. गोमंतकावर त्या वेळीं पोर्तुगीजांचा अंमल होता. अशा घरांतून पाश्चात्य पेहराव, पाश्चात्य वाद्यें, आणि देव्हाऱ्यांत यूरोपांतील धर्तीच्या गोऱ्या मूर्ति, हें सर्व इतकें अंगवळणीं पडलेलें असे कीं, त्यांत कांहीं परकें आहे अशी शंकाहि कोणास येत नसे. मुलाचें शिक्षण बेळगांव व पुणें येथें झालें. पुढें वैद्यकी शिकण्यासाठीं ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत दाखल झाले. परंतु मन तेथें रमेना. तें सोडून ते सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत गेले. तेथील पाश्चात्य पद्धतीचें शिक्षणहि त्यांस मानवलें नाहीं, व तीहि शाळा त्यांनीं सोडली. डॉक्टरकी सोडून चित्रें काढावयास निघालेला, आणि मग चित्रशाळाहि सोडून आलेला मुलगा घरांत कोणत्या नजरेनें पाहिला जातो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

त्यानंतर ते बंगालमध्यें गेले. तेथें त्या काळीं चित्रकलेची एक नवी शाखा उदयास आली होती. अवनींद्रनाथ ठाकूर हे तिचे आद्य गुरु, आणि नंदलाल बोस हे त्यांचे पट्टशिष्य. ह्या मंडळींचें म्हणणें असें कीं, हिंदुस्थानांतील चित्रकारानें आपली रेषा आपल्याच देशांत शोधावी. आणि येथें आमच्या मराठवाड्यांतील वाचकांनीं क्षणभर थांबावें, कारण ही रेषा त्यांस सांपडली ती आमच्याच अंगणांत. १९०९ पासून पुढील दोन हिवाळे लेडी हेरिंगहॅम नांवाच्या एक इंग्रज चित्रकर्ती बाई अजिंठ्यास मुक्काम करून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करीत होत्या. त्यांच्या मदतीस कलकत्त्याहून जे तरुण आले, त्यांत नंदलाल बोस होते. हैदराबाद संस्थानांतूनहि कांहीं चित्रकार तेथें आले होते, कारण मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता, व तो १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तसाच राहिला. पुढें १९२० च्या सुमारास निजाम सरकारनें तीं चित्रें झडूं नयेत म्हणून इटलीहून तज्ज्ञ आणविले. गुहेंतील अंधारांत दिव्याच्या व आरशानें आंत घेतलेल्या उन्हाच्या उजेडांत त्या तरुणांनीं जें पाहिलें, म्हणजे खालीं झुकलेल्या पापण्या, बोलकी बोटें, सांवळ्या अंगावरील मंद प्रकाश, तें सर्व बंगालच्या चित्रकलेंत उतरलें, आणि तेथून तें ह्या गोमंतकीय ख्रिस्ती तरुणाच्या हातीं आलें. नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या ख्रिस्ती मुलास फोन्सेकांची मरिया परकी वाटली, तर तिच्या डोळ्यांचें माहेर मराठवाड्यांत आहे एवढें त्यास अवश्य सांगावें.

रंग देण्याची एक विशेष रीतहि त्यांस तेथें मिळाली. कागदावर जलरंगाचा पातळ थर द्यावयाचा. तो वाळला कीं कागद पाण्यांत भिजवून काढावयाचा. पुन्हां रंग, पुन्हां पाणी. असें अनेकदां केल्यावर रंग कागदांत मुरतो, कडा विरघळतात, व चित्रावर पहाटेच्या धुक्यासारखी एक झांक येते. ही युक्ति अवनींद्रनाथांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यास आलेल्या जपानी चित्रकारांकडून उचलली होती. घाई असणाऱ्याचें हें काम नव्हे. फोन्सेका ह्यांनीं पुढें तैलरंग, खडू, शाई अशीं अनेक साधनें हाताळलीं, पण हा मंदपणा त्यांच्या हातांतून कधीं गेला नाहीं.

शिक्षण संपल्यावर गुरूंनीं त्यांस आपल्या प्रदेशीं परत जाऊन तेथील देवालयांसाठीं चित्रें काढावयास सांगितलें, असें म्हणतात. शिष्य १९३० नंतर लौकरच गोमंतकांत परतले, व त्यांनीं देवमातेस साडी नेसविली. ती गोमंतकांतील कष्टकरी बाईप्रमाणें सांवळी होती, अनवाणी होती, व तिच्या मांडीवरील बाळ येशूहि सांवळाच होता. त्यावर मोठा गहजब झाला. धर्मगुरु रागावले, प्रतिष्ठित मंडळी रागावली. हें सर्व पवित्र परंपरेविरुद्ध आहे, हा देवमातेचा अपमान आहे, असें बोललें जाऊं लागलें. आमचा समज असा कीं, त्या रागांत धर्मनिष्ठा जितकी होती, तितकाच दुसरा एक भाग होता. साडी ही शेतांत राबणाऱ्या बाईचें वस्त्र, आणि मोठ्या घरच्या बायका झगे घालीत. आपल्या स्वयंपाकघरांत व भाताच्या खाचरांत जी दिसते, तिच्यासारखी देवाची आई असावी हें कांहींजणांस सोसलें नाहीं. नाझरेथ गांवची ती सुताराची बायको कोणत्या वर्गांतील होती, ह्याचा विचार करावयास मात्र कोणास सवड झाली नाहीं.

हें त्याच भूमींत व्हावें ह्याचें आम्हांस विशेष वाईट वाटतें. कारण ह्याच गोमंतकांत तीनशें वर्षांपूर्वीं फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूनें ख्रिस्तप्रभूची कथा मराठी ओवींत गाइली होती. १५७९ सालीं ते गोमंतकांत आले. १६१६ सालीं राशोल येथें त्यांचें ख्रिस्तपुराण छापलें गेलें. ह्या देशांतील श्रोत्यास जी वाणी ऐकावयाची संवय, तीच वाणी त्यांनीं सुवार्तेस दिली, व पवित्र सभेच्या अधिकाऱ्यांनीं त्यास अनुमति दिली. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषा बंद पाडण्याचा हुकूम काढला, तेव्हांपासून ती वाट बुजत गेली. फादर स्टीफन्स ह्यांनीं शब्दांत जें केलें तेंच फोन्सेका रंगांत करूं पाहत होते. ओवी जुनी म्हणून पूज्य, व चित्र नवें म्हणून पाखंड, हा न्याय आम्हांस कळत नाहीं.

गोमंतक सोडून फोन्सेका पुण्यास आले. तेथें शिवाजीनगर भागांत ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम होता, आजहि आहे. जॅक विन्स्लो नांवाच्या अँग्लिकन धर्मोपदेशकानें १९२२ सालीं त्या सेवासंघाची स्थापना केली. कवि नारायण वामन टिळक ह्यांचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता. तेथील मंडळी खादी नेसत, जमिनीवर मांडी घालून जेवीत, भजनें गात. ह्या आश्रमानें आमच्या चित्रकारास खोली दिली, भिंती दिल्या, आणि मुख्य म्हणजे शांति दिली. ते शेवटपर्यंत कॅथोलिकच राहिले. तरीहि एका कॅथोलिक चित्रकारास देवमातेचें चित्र काढावयास दुसऱ्या पंथाच्या छपराखालीं जावें लागलें, ही गोष्ट आम्ही धर्मगुरु मंडळींनीं विसरूं नये अशी आहे. आमच्या एका सहकारी बंधूंस हें वाक्य ह्या स्मरणिकेंत नको होतें. आम्हीं तें ठेविलें आहे.

सर्वच धर्मगुरु मात्र त्यांच्या विरुद्ध नव्हते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील स्पॅनिश येशूसंघीय इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास हे त्यांचे खंदे पुरस्कर्ते झाले. मोहेंजोदारोच्या मुद्रांपासून मोगल चित्रांपर्यंत सर्वत्र ज्यांची नजर फिरे अशा ह्या विद्वान धर्मगुरूनें भारतीय ख्रिस्ती चित्रांचा संग्रहच आरंभिला, व फोन्सेकांकडून पुष्कळ चित्रें काढवून घेतलीं. रोमचेंहि धोरण हळूहळू बदलत होतें. पोप पंधरावे बेनेदिक्त ह्यांनीं १९१९ सालीं मिशनरी लोकांस स्पष्ट बजावलें होतें कीं, आपल्या मायदेशाचें राज्य व देवाचें राज्य ह्यांची गल्लत करूं नका. चीनमधील पोपचे प्रतिनिधि चेल्सो कोस्तान्तिनी ह्यांनीं तेथील चित्रकारांस तेथील पद्धतीनें ख्रिस्तजन्म रंगवावयास उत्तेजन दिलें, व पुढें रोमला गेल्यावर तोच विचार सर्व मिशनांसाठीं मांडला. १९५० च्या पवित्र वर्षीं व्हॅटिकन येथें मिशनांतील कलेचें मोठें प्रदर्शन भरलें, त्यांत फोन्सेकांचीं चित्रें मांडलीं गेलीं. गांवानें हांकलावें आणि रोमनें बोलवावें, असा हा प्रकार झाला. शेवटीं १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेसंबंधीं जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यांत पवित्र सभेनें कोणतीहि एकच चित्रशैली आपली म्हणून मानलेली नाहीं, सर्व काळांच्या व सर्व लोकांच्या कलेस तिच्या घरांत जागा आहे, असें ठरवून टाकलें. फोन्सेका त्या वेळीं हयात होते, ही समाधानाची गोष्ट.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ह्या चित्रांचा अर्थ काय? चित्रकारानें आपल्या कामाविषयीं विचार केला होता. भारतीय ख्रिस्ती कलेच्या इतिहासावर त्यांनीं लेखनहि केलें. आपण मनास येईल तें करीत आहों असें त्यांस कधींच वाटलें नाहीं. उलट आपण पवित्र सभेच्या जुन्या वहिवाटीनेंच चाललों आहों अशी त्यांची धारणा होती. ती खरी आहे कीं नाहीं हें वाचकांनींच पाहावें. फ्लॉरेन्स शहरीं सॅन मार्को मठांत फ्रा आंजेलिको ह्या साधुचित्रकारानें पंधराव्या शतकांत देवदूताचा संदेश रंगविला. त्यांतील मरिया बसली आहे ती फ्लॉरेन्सच्या धर्तीच्या कमानीखालीं. नाझरेथांत तसली कमान कोठून येणार? मरियेचा निळा शेला आपण पवित्र मानतों. पण पूर्वेकडील बायझंटाइन चित्रांत तिचें बाह्य वस्त्र बहुधा जांभळट तांबडें असतें. निळा रंग यूरोपांत रूढ झाला त्याचें एक कारण असें कीं, तो अफगाणिस्तानांतील लाजवर्द दगड कुटून केला जाई, तो अतिशय महाग असे, आणि भाविक धनिकास देवमातेस सर्वांत मौल्यवान रंग अर्पावयाचा असे. म्हणजे ती इटलीच्या व्यापाऱ्याची भक्ति होती, व ती चांगलीच होती. तशीच एक भक्ति ह्या देशांतील मनुष्यानें आपल्या रंगांत अर्पिली, तर तिला उणें कां म्हणावें?

अनवाणी पावलांचा अर्थ तर आमच्या खेड्यांतील लहान मुलासहि कळावा. आमच्या मंदिरांत येतांना चपला बाहेर काढावयाच्या असतात. जळत्या झुडपापुढें मोशेनेंहि पायतण काढलें होतें. मरिया अनवाणी आहे, कारण ती जेथें उभी आहे ती भूमि पवित्र आहे. झुकलेले डोळे पाहून कांहीं बायका म्हणतात कीं ती आपल्याकडे पाहत नाहीं. ती बाळाकडे पाहत आहे. आपणहि तिकडेच पाहावें असा त्याचा अर्थ आम्ही लावतों. साडीच्या चुण्यांत तर त्यांनीं जीव ओतला आहे. पदर डोक्यावरून घेतला कीं तोच शेला होतो, व इटलीच्या चित्रकारास जें सांगावयाचें होतें तें सारें त्या पदरांत येतें.

एक आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा आहे, तो आम्ही टाळूं इच्छित नाहीं. ख्रिस्तप्रभु हे अमुक काळीं, अमुक गांवीं, यहुदी कुळांत जन्मले. आमचा धर्म पुराणकथेवर नव्हे तर घडलेल्या गोष्टीवर उभा आहे. मग त्यांस भारतीय रंगविल्यानें ती घडलेली गोष्ट पुसट होत नाहीं काय? ह्या आक्षेपांत तथ्य आहे, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांत आम्ही मुलांस पॅलेस्टाइनचा नकाशा दाखवितों तो ह्याचसाठीं. परंतु हा आक्षेप घ्यावयाचा तर तो पिंगट केसांच्या व निळ्या डोळ्यांच्या ख्रिस्तावरहि तितकाच घेतला पाहिजे, व तो घेणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटला नाहीं. आणखी एक गंमत सांगतों. आमच्या धर्मग्रामांतून वेलांकणीच्या यात्रेस मंडळी जातात. दोन रात्रींचा आगगाडीचा प्रवास करून जिच्या पायीं ती डोकें ठेवतात, ती वेलांकणी माता साडीच नेसलेली असते. तेथील साडी मंगल, आणि आमच्या भिंतीवरील साडी खटकते, हें कोडें यात्रेकरूंनींच उलगडावें.

आतां एक कबुली द्यावयाची आहे. आम्हांसहि हीं चित्रें प्रथम आवडलीं नव्हतीं. पुण्यास गुरुविद्यालयांत शिकत असतांना आम्हीं तीं पहिल्यानें पाहिलीं, व तीं फिकट आणि दुःखी वाटलीं. लहानपणापासून ज्या तेजस्वी, गुलाबी पुतळ्यांपुढें आम्हीं गुडघे टेकले, त्यांच्यापुढें हें कांहीं तरी घरगुती, नेहमींचें दिसलें. त्या वेळीं आम्हीं आपल्या मित्रांजवळ थट्टाहि केली. पुढें १९९३ सालीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें मातीच्या व दगडाच्या भिंतींखालीं गेलीं. सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. मदतीसाठीं गेलेल्या तुकडींत आम्ही होतों. पाऊस पडत होता. औसा तालुक्यांतील एका गांवीं, पत्र्याच्या तुकड्याखालीं, एक बाई बसलेली आम्हीं पाहिली. लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढलेला, पाय उघडे व चिखलानें माखलेले, मांडीवर एक मूल. मूल जिवंत होतें व झोंपलें होतें. तिचीं बाकीचीं माणसें गेलीं होतीं. ती आमच्याकडे पाहत नव्हती. मुलाकडे पाहत होती. आम्ही तिच्यापुढें भाकरीचें पुडकें ठेवून उभे राहिलों, व काय बोलावें हें आम्हांस सुचेना. ती ख्रिस्ती नव्हती. तिचें नांवहि आम्हीं विचारलें नाहीं. पुण्यास परतल्यावर तें चित्र पुन्हां पाहावयास गेलों, आणि पुष्कळ वेळ त्याच्यापुढून हलतां आलें नाहीं.

फोन्सेकांच्या उत्तरायुष्याविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. १९५१ सालीं, जवळजवळ पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनीं आयव्ही मिनेझिस ह्या विदुषीशीं विवाह केला. त्यांस एक कन्या झाली. विवाहानंतरच्या चित्रांतील मरियेचा चेहरा पत्नीच्या चेहऱ्यासारखा होत गेला, असें जाणते सांगतात. आणि त्यांत आम्हांस अनुचित कांहीं वाटत नाहीं, कारण आई म्हणजे काय हें त्यांनीं घरींच पाहिलें. चित्रांस त्यांस फारसें मोल मिळालें नाहीं. मोठ्या शहरांतील नव्या चित्रकारांच्या दृष्टीनें ते जुने व धार्मिक ठरले, आणि धार्मिक लोकांच्या दृष्टीनें ते फार नवे. १९६७ सालच्या डिसेंबर महिन्यांत, नाताळ होऊन थोडेच दिवस झाले असतांना, मेंदूच्या आवरणाच्या दाहानें पुण्यास त्यांचें निधन झालें. त्यांच्या पश्चात् त्यांच्या पत्नीनें तीं चित्रें कित्येक वर्षें जिवापाड जपलीं, विकून टाकलीं नाहींत. आणि अखेरीस पर्वरी येथील झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्राच्या स्वाधीन केलीं. ज्या गोमंतकांतून ते निघाले, तेथेंच तीं आतां आहेत. आमच्यापैकीं जे कोणी जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या दर्शनास जातात, त्यांनीं वाट थोडी वांकडी करून तेथें जावें. मांडवीचा पूल ओलांडला कीं पर्वरी दूर नाहीं.

राहतां राहिली आमच्या भिंतीची गोष्ट. मंदिरांतील ज्येष्ठ आजीबाई, ज्यांनीं ह्या धर्मग्रामाच्या पहिल्या मिस्सेस आपल्या आईच्या कडेवर बसून हजेरी लाविली, त्या आजहि जपमाळ लूर्द मातेच्या पुतळ्यापुढेंच म्हणतात. नवें चित्र त्यांस पसंत नाहीं, व तें त्यांनीं आम्हांस स्पष्ट सांगितलें आहे. आम्हीं त्यांस अजिंठा सांगितला, फ्रा आंजेलिको सांगितला; त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व नाहीं म्हणून मान हलविली. आम्हीं आग्रह धरला नाहीं. त्या स्वतः मात्र दर रविवारीं नऊवारी लुगडें नेसून, पदर डोक्यावरून घेऊन, चपला दाराशीं काढून आंत येतात, आणि त्या चित्राच्या बरोबर खालच्या जागीं बसतात, कारण पंखा तेथें आहे.